दर डिसेंबरची तीच तक्रार: जाड पडदे लावले, गालिचा टाकला, तरी पहाटे घर गारच

दिवाळी सरली की आम्हा पडदेवाल्यांना मापं घ्यायला बोलावणी येतात आणि डिसेंबर लागला की त्याच घरांतून फोन सुरू होतात. "पडदे चांगले जाड घेतले की ओ, तरी पहाटे हातपाय गार पडायलेत." "दुपारी घरात उकडायलंय, मग हे काढू का ठेवू?" "नव्या चादरीनं पांढरं बेडशीट गुलाबी केलं बघा." मागच्या थंडीत ज्यांनी विचारलं होतं, यंदाही तेच विचारतात. कारण सोपं आहे. सोलापुरात थंडी थोडेच दिवस राहते. उपाय करेकरेपर्यंत ऊन तापायला लागतं, विषय मागं पडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून तक्रारीनुसार एकदाच लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २९-३० अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे तोच १५ च्या आसपास येतो, लाट आली तर आणखी खाली. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन आणि स्लॅब रात्री भराभर निवतात. सगळ्यांत गार वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्य उगवायच्या सुमाराची असते, म्हणजे साधारण पावणेसातची. थोडक्यात, घराला ऊब हवी असते ती रात्रीच्या काही तासांपुरती. दुपारी दोन वाजता त्याच खोलीत पंखा लावावा लागतो.

मोबाइलवर 'विंटर डेकोर' म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतले मखमली पडदे, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, सोफ्यावर लोकरी थर, हे सगळं दिवसरात्र गारठा असलेल्या मुलखासाठी आहे. ते जसंच्या तसं जुळे सोलापुरातल्या टू बीएचकेमध्ये आणलं की दुपारी घुसमट होते आणि संध्याकाळपर्यंत त्यावर धुळीचा थर बसतो. माझा हिशेब सरळ आहे: जी वस्तू रोज सकाळी उठून एका हातानं बाजूला सारता येत नाही, ती थंडीसाठी घेऊ नये.

पडदे जाड आहेत, तरी खिडकीतून गार येतं

नव्वद टक्के दोष कापडात नसतो, असं मी आकडेमोड न करताही सांगेन. पहिलं काम म्हणजे वारा कुठून शिरतोय ते बघणं. रात्री दहानंतर पंखा बंद करा, एक उदबत्ती पेटवा आणि ती बंद खिडकीच्या कडेकडेनं हळूहळू फिरवा. धूर सरळ वर चाललेला असतो. जिथं फट असेल तिथं तो एकदम आत वाकतो, कधी कधी तर तुटतोच. पडदा आधी पूर्ण बाजूला करा, नाहीतर भलतंच व्हायचं.

तीन ट्रॅकच्या सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीत धूर हमखास तीन ठिकाणी वाकतो. एक, दोन काचा मध्ये जिथं एकमेकींवर येतात ती उभी फट. दोन, खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. तीन, चौकट आणि भिंत यांच्यामधली जागा, जिथलं सिलिकॉन उन्हानं सुकून सुटलेलं असतं. उभ्या फटीचं औषध म्हणजे काचेच्या पट्टीत बसवलेली केसाळ ब्रश पट्टी. नवी असताना ती फुललेली असते, चार-पाच उन्हाळे गेले की चपटी आणि धुळीनं घट्ट होते. अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडं ती फुटावर मिळते, अर्ध्या तासात बदलून होते. पाण्याची भोकं मात्र बुजवू नका. एका गिऱ्हाइकानं ती सिलिकॉननं कायमची बंद केली आणि पुढच्या पावसात ट्रॅक भरून पाणी थेट गादीवर उतरलं. स्पंजचा छोटा तुकडा खोचा, उन्हाळ्यात काढून टाका.

दाराखालची फट लोक विसरतात. जिन्यावर उघडणाऱ्या दाराखालून येणारा वारा हॉलमधून थेट शेवटच्या खोलीपर्यंत जातो. बाजारात दाराला लावायच्या रबरी पट्ट्या आहेत, पण जुन्या चादरीची घट्ट वळकटी करून तिच्यावर खोळ शिवली तरी तेच काम होतं, आणि सकाळी पायानं सरकवता येते.

आता पडदा. फट नसतानाही खिडकीजवळ गारवा जाणवत असेल तर पडद्याचा वरचा भाग बघा. काचेला लागून असलेली हवा निवते, जड होते आणि पडद्याच्या मागून खाली उतरते. तिच्या जागी खोलीतली उबदार हवा वरच्या फटीतून पडद्यामागं जाते, तीही निवते, तीही खाली. रात्रभर हा रहाट चालू राहतो आणि पलंग खिडकीला लागून असेल तर खालून येणारी सगळी गार हवा डोक्यावर. कापड आणखी जाड केलं तरी हे थांबत नाही. वरची वाट बंद करावी लागते. रॉडच्या वर सहा इंच रुंदीची प्लायची फळी आडवी ठोकून घ्या, किंवा रॉड छताला जितका जवळ जाईल तितका न्या. दोन्ही बाजूंना पडदा चौकटीच्या सहा-आठ इंच पुढं गेला पाहिजे आणि शेवटची चूण भिंतीकडं वळून भिंतीला टेकली पाहिजे. खाली तो जमिनीला किंवा निदान खिडकीच्या ओट्याला लागू दे. अधांतरी लोंबणारा पडदा दिसायलाही वाईट आणि उपयोगालाही.

कापड किती घ्यावं यावर लोक काटकसर करतात ती चुकीच्या जागी. खिडकीची रुंदी चार फूट असेल तर निदान आठ फूट कापड लागतं, तेव्हा चुणा पडतात आणि चुणांमध्ये हवा अडकते. पाच फुटांचं भारी मखमल ताणून लावण्यापेक्षा आठ फुटांचं साधं सुती कापड आणि त्याला मांजरपाटाचं अस्तर, हे रात्री जास्त काम करतं. अस्तर वेगळं, हुकावर अडकवता येईल असं शिवून घ्या. मार्चमध्ये ते काढलं की तोच पडदा उन्हाळ्याचा.

ऊन फुकट आहे, ते आत घ्या

सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य दक्षिणेकडं क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. मे महिन्याच्या शेवटी तो डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत मेमध्ये मध्यान्हीचं ऊन येत नाही आणि डिसेंबरमध्ये आतपर्यंत येतं. चार फूट उंच खिडकी, जमिनीपासून तीन फुटांवर चौकट आणि वर दोन फुटांचा छज्जा असेल, तर डिसेंबरच्या दुपारी भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर उन्हाचा पट्टा पडतो. फरशी तिथं तापते आणि संध्याकाळनंतर बराच वेळ कोमट राहते.

म्हणून दक्षिणेच्या खिडकीखाली या दिवसांत गालिचा टाकू नका, ऊन उघड्या फरशीवर पडू दे. पडदा सकाळी आठला पूर्ण उघडायचा, संध्याकाळी सहाला, सूर्य मावळायच्या वेळी बंद करायचा. बरीच घरं नेमकं उलटं करतात. सोफ्याचा रंग उडेल म्हणून दिवसभर पडदे ओढलेले आणि रात्री जेवणं होऊन झोपायला जाईपर्यंत ते उघडेच. तोवर काचेतून जायची ती ऊब गेलेली असते. सोफ्याच्या रंगाची काळजी असेल तर त्यावर एक चादर टाका, नाहीतर सोफा सरकवा.

फरशी पायाला चावते

एक प्रयोग करून बघा. पहाटे घरातला थर्मामीटर, हवेचं तापमान दाखवणारा, अर्धा तास फरशीवर ठेवा आणि मग अर्धा तास सतरंजीवर. आकडा जवळपास तोच येतो. तरी फरशीवर पाय ठेवला की अंगावर काटा येतो आणि सतरंजीवर नाही. पितळी तांब्या आणि लाकडी पाट एकाच खोलीत रात्रभर असले तरी हाताला तांब्याच गार लागतो, तसंच हे. दगड पायातली ऊब झपाट्यानं ओढून घेतो. जुन्या घरांतली शहाबादी असो की नवी व्हिट्रिफाइड, दोघी सारख्याच चावतात. म्हणून सगळी फरशी झाकायची काही गरज नाही. उघडा पाय जिथं जास्त वेळ टेकतो तेवढीच झाका: पलंगाच्या उतरायच्या बाजूला, स्वयंपाकघरात ओट्यासमोर, देवासमोर, आणि आजी-आजोबा जिथं बसतात त्या खुर्चीखाली.

यासाठी गालिचा विकत आणायच्या आधी घरातले जुने टर्किश टॉवेल बघा. सोलापुरात ते प्रत्येक कपाटात असतात. टर्किशच्या फाशांमध्ये हवा धरून राहते. दोन टॉवेल पाठीला पाठ लावून मधे जुन्या चादरीचा एक थर घालून चौकटीत टीप मारली की ओट्यासमोरची पायघडी तयार. मशीनमध्ये धुता येते, दुपारी गुंडाळून ठेवता येते. हॉलसाठी सुती सतरंजी किंवा जाड दरी पुरते. लोकरी वा लांब केसांचा गालिचा मला आपल्या गावासाठी पटत नाही. रस्त्यावरची धूळ, खिडक्या दिवसभर उघड्या, आणि त्यात रुतलेली धूळ झाडूनं निघत नाही, वरवर फक्त केस विंचरले जातात. घरात कुणाला दमा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास असेल तर पहिल्यांदा गालिचा बाहेर काढा, मग बाकीचे उपाय बघा.

सतरंजी सरकते ही तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नका. व्हिट्रिफाइड टाइलवर सुती सतरंजी चांगलीच निसटते आणि थंडीत पहाटे अंधारात बाथरूमला उठणारं माणूस बहुतेक घरातलं सर्वांत म्हातारं असतं. खाली रबरी जाळी टाका, ती मापावर कापून मिळते. दुहेरी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक टाइलवर बसतो आणि पुढं घासत बसावं लागतं.

अंगावर तीन पांघरुणं, तरी पाठ गार

पाठीखाली काय आहे ते आधी बघा. आपण वरच्या पांघरुणावर पैसे घालवतो. पण खालची कापसाची गादी दाबून दाबून पोळीसारखी झाली असेल तर तिच्यात हवाच उरत नाही आणि ऊब खालून निघून जाते. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. नवी गादी घ्यायची गरज नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या, गादी पुन्हा फुगते. ते होईपर्यंत गादीवर, बेडशीटच्या खाली, एक वाकळ अंथरा. अंगावर घेतलेल्या दुसऱ्या वाकळीपेक्षा पाठीखालची पहिली जास्त उपयोगी पडते.

वर पांघरताना एक जाडजूड ब्लँकेट घेण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. त्यांच्या मधली हवा काम करते आणि रात्री अकराला एक, पहाटे चारला दुसरं, असं घेता येतं. आपल्या थंडीला हेच जुळतं. ती हळूहळू चढते. सोलापुरी चादर आणि तिच्यावर वाकळ, एवढ्यावर बहुतेक रात्री निघतात.

मिंक ब्लँकेट घेतल्यापासून अंगाला करंट बसतो, केस उभे राहतात, ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली आहे. घरातल्या वायरिंगचा काही दोष नसतो. ही ब्लँकेटं पॉलिस्टर किंवा अॅक्रिलिकची, आपली हिवाळी हवा कोरडी, त्यात घासलं की वीज साठते आणि नळाला हात लागला की चटका. सुती चादर अंगालगत घ्या आणि ब्लँकेट तिच्यावर. नायलॉनच्या गाउनऐवजी सुती घाला. प्रश्न तिथंच संपतो.

आणि पंखा. डासांसाठी थंडीतही पंखा लावून त्याच्याखाली दोन पांघरुणं घ्यायची पद्धत घरोघरी आहे. वारा पांघरुणाच्या वरची ऊब सतत उडवून नेतो. मच्छरदाणी लावली की डास थांबतात, वारा लागत नाही, आणि खरं सांगायचं तर पलंगाला शोभाही येते. सुती, पांढरी, चारी बाजूंनी गादीखाली खोचता येईल अशी घ्या.

नवी चादर: रंग, तूस आणि आखडणं

चादरीच्या गावात राहून चादरीच्या तक्रारी याव्यात हे विचित्र वाटतं, पण येतात. त्यातल्या अर्ध्या चादर सोलापुरी नसल्यामुळं येतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर बाहेरचा मिश्र धाग्याचा माल सर्रास खपतो. ओळखायला कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन जळतो आणि बोटानं चुरगळणारी राख उरते. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. दुसरं, चादर उलटी करून बघा. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली नक्षी पाठीमागंही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. पुढं लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागं पांढऱ्या जमिनीवर लाल. पाठीमागं कोरं किंवा पुसट दिसत असेल तर ती छपाई आहे. घरासाठी हा दुहेरीपणा कामाचा आहे. दिवाळीत गडद बाजू वर, उन्हाळ्यात फिकी बाजू वर, एकाच चादरीत दोन खोल्या.

रंग जातो म्हणून मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, हा सल्ला मलाही रोज ऐकू येतो. मीठ रंगाईच्या वेळी, भट्टीत कामाला येतं. विणून आलेल्या चादरीतला सुटा रंग त्यानं पक्का होत नाही. तो रंग निघूनच जावा लागतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांना चादर एकटी, गार पाण्यात, थोड्या साबणानं आणि भिजत न ठेवता धुवा. बादलीतलं पाणी पहिल्यांदा लालभडक येतं, दुसऱ्यांदा गुलाबी, तिसऱ्यांदा जवळपास स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत ती पांढऱ्या बेडशीटवर अंथरू नका. डाग पडलाच असेल तर तो सुकू देऊ नका, आणि इस्त्री तर अजिबात नको. ओल्यातच पुन्हा साबणाच्या पाण्यात टाका. धुतल्यावर घडी घालून ओली ठेवली की लाल पांढऱ्यात उतरतो. दोरीवर पूर्ण पसरून, सावलीत.

तूस निघतं तेही सुरुवातीलाच. पहिल्या धुण्याआधी गच्चीवर नेऊन दोघांनी दोन टोकं धरून जोरात झटका. पाच-सहा धुण्यांनंतरही काळ्या कपड्यांवर पांढरं तूस येत असेल तर सूत आखूड तंतूच्या कापसाचं आहे, ते थांबणार नाही. ती चादर गादीखाली वापरा. आखडण्याबद्दल एवढंच: सुती चादर पहिल्या धुण्यात थोडी आखडतेच, म्हणून दिवाणाच्या मापाला नेमकी घेऊ नका, चारी बाजूंनी वीतभर जास्त असू दे.

अशोक चौक, दत्त नगर, साखर पेठ, पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत यंत्रमागाच्या आवाजाच्या मागं गेलात की कारखान्यातच विक्री करणारे भेटतात. तिथं किरकोळ दोषाचा माल वजनावर किंवा कमी भावात मिळतो. एखादा धागा तुटलेला, कडेला रंगाची चूक. पडद्याचं अस्तर, दाराची वळकटी, पायघड्या, सोफ्यावर टाकायच्या पट्ट्या, या सगळ्यासाठी तोच माल घ्यावा. ही विणकर घरं बहुतेक तेलुगू बोलणारी, विकणाऱ्या अक्कांशी दोन शब्द तेलुगूत बोलता आले तर उत्तमच, मराठीतही भाव कमी होतो.

पेटीतून काढलेल्या वाकळांना वास

आपल्याकडं सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात होतो. म्हणजे पेटी उघडायच्या जेमतेम दोन महिने आधी तिच्यात दमट हवा शिरलेली असते. त्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, संक्रांतीच्या आसपास, पाहुणे येतात आणि त्या रात्री सगळी अंथरुणं एकदम बाहेर निघतात. वास तेव्हा कळतो. अत्तर, पावडर, फवारा यांनी तो झाकला जातो, जात नाही. दोन दिवस कडक ऊन, दोन्ही बाजूंनी, दुपारी एकदा काठीनं झोडपून, आणि संध्याकाळी सावलीत तासभर निवल्यावरच घडी. गरम गरम घडी घातली की आतला ओलावा आतच राहतो आणि आठवड्यात वास परत. काळे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी आहे, नुसतं ऊन पुरणार नाही, धुवावंच लागेल.

डांबराच्या गोळ्यांबद्दल जरा गंभीरपणे सांगतो. नॅफ्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेली पांघरुणं सरळ तान्ह्या बाळावर घालू नका. जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळं तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बऱ्याच घरांत अशी कमतरता असल्याचं कुणाला माहीतही नसतं. बाळ असलेल्या घरात या गोळ्या वापरूच नयेत.

भोकं पडत असतील तर आधी कापड कशाचं आहे ते बघा. लोकरीच्या घोंगड्याला लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या लागतात, त्यांना सुती कापडात रस नसतो. सुती चादरीला लागते ती कसर, म्हणजे तो चंदेरी किडा, आणि तिला हवी असते खळ. न धुता, नव्या कांजीसकट पेटीत टाकलेली चादर म्हणजे तिच्यासाठी ताट वाढून ठेवणं. नवी चादर वापरायची नसली तरी एकदा धुवूनच ठेवा.

पत्र्याच्या घरात

इथं पडद्यानं फारसा फरक पडत नाही, कारण ऊब छतातून जाते. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पत्र्याखाली सहा-आठ इंचांचं अंतर सोडून जाड सुती कापडाचं छत बांधलं तर मधल्या हवेचा थर मिळतो आणि तेच छत उन्हाळ्यातही थोडं काम देतं. वायर आणि दिव्यापासून ते लांब राहील एवढं बघा. थर्माकोल लावू नका, तो पेट घेतो. पहाटे पत्र्यावरून थेंब पडत असतील तर छत गळत नाही, आपल्याच श्वासातली वाफ गार पत्र्यावर धरते. उपाय उलटा आहे: सगळं गच्च बंद न करता वरच्या बाजूला एक छोटी वाट उघडी ठेवायची.

आणि अशा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपायचं नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पत्र्याचं घर असो की बंगला, नियम एकच. विजेचा हीटर २००० वॅटचा असेल तर तासाला दोन युनिट खातो. आपल्या थंडीला तो आजारी माणसाच्या खोलीपुरता ठीक, पडद्यापासून तीन फूट लांब.

सगळं केलं, तरी खोली 'थंड' दिसते

ही तक्रार हवेची नसून दिव्याची असते. हॉलमध्ये ६५०० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या रंगाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पांढरा निळसर ट्यूबलाइट असेल तर कितीही गडद रंगाच्या चादरी टाका, खोली दवाखान्यासारखी वाटते. मुख्य दिवा तसाच राहू दे, अभ्यासाला लागतो. कोपऱ्यात खांद्याच्या उंचीवर एक २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावा आणि संध्याकाळी तेवढाच ठेवा. सोफ्यामागच्या उघड्या भिंतीवर सोलापुरी विणीचं वॉल हँगिंग किंवा नक्षीची चादरच काठीवर टांगा. भिंत झाकली जाते आणि खोलीतला घुमणारा आवाजही कमी होतो.

आवरताना

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते म्हणतात. सोलापुरात ती त्याआधीच सामान बांधून बसलेली असते. अस्तरं, पायघड्या, वाकळा एकदम न काढता आधी पडद्यांची अस्तरं काढा, कारण दुपार आधी तापते. पांघरुणं त्यानंतर पंधरा दिवसांनी. सगळं धुऊन, उन्हात वाळवून, निववून, जुन्या सुती साडीत किंवा खोळीत बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दम कोंडतो. पेटीच्या तळाला दोन पट्ट्या टाकून सामान पत्र्यापासून उचललेलं ठेवा, घड्यांमध्ये पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला, ओला नको, त्याचे डाग पडतात. लोकरीचं घोंगडं वेगळं बांधा आणि जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, एकदा उघडून बघा. खिडकीतले स्पंजचे तुकडे काढायला विसरू नका.